भरवशाची क्रूझर

'भरवशाच्या म्हशीला टोणगा' ही म्हण मला लहानपणापासून म्हशीवर अन्याय करणारी वाटत आलीय. म्हशीने कुणाला काही कबूल केलेलं नव्हतं. रेडी होणार हे माणसांनीच ठरवलं, माणसांनीच चार घरी सांगितलं, आणि टोणगा झाल्यावर नाव मात्र तिचं खराब झालं. गेल्या महिन्यात ही म्हण परत आठवली ती मामेबहिणीच्या एका मेसेजमुळे. 'ताई, नव्याने गाडी शिकलेल्या मुलीसाठी भरवशाची क्रूझर कुठली?'

ती साताऱ्याची. वय पंचवीस, उंची पाच फूट एक इंच. कराडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते आणि रोज एसटीने जाऊन येऊन आहे. आठ महिन्यांपूर्वी मामाच्या स्प्लेंडरवर गिअरची गाडी शिकली, लायसन्स काढलं. बजेट सव्वादोन लाखांपर्यंत, त्यातले निम्म्याहून जास्त कर्जाचे. मामाचं म्हणणं, "स्कूटी घे की! बटण दाबलं की सुरू." मामीचं म्हणणं, "काय ती घे, पण अंधार पडायच्या आत घरी ये." मी तिला विचारलं, क्रूझरच का? तर म्हणाली, "स्कूटीवर मी कुठेतरी पोचायला निघते गं. त्या गाडीवर नुसतंच निघता येईल असं वाटतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला ते नकोही होतं.

ज्यांना क्रूझर म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सीट खाली, हँडल वर आणि अंगाकडे वळलेलं, पाय थोडे पुढे, पाठ सरळ. वेगापेक्षा लांब अंतर आरामात कापायला केलेली गाडी. आपल्याकडे बजाजची अ‍ॅव्हेंजर आणि रॉयल एनफिल्डची मिटिऑर ही त्यातली ओळखीची नावं. क्लासिक ३५० किंवा होंडाची हायनेस सीबी३५० या खरं तर क्रूझर नाहीत, पण शोधायला बसलं की त्या यादीत येतातच.

मी तिला दोन ओळींत उत्तर देऊ शकले असते. पण 'भरवशाची' या शब्दापाशी अडकले.

मराठीत 'विश्वासघात' आहे, 'भरवसाघात' नाही. हा फरक उगीच नसावा. विश्वास ज्याच्यावर टाकतो तो आपला घात करू शकतो, कारण त्याला आपण विश्वास टाकलाय हे ठाऊक असतं. भरवसा आपण पावसावर ठेवतो, एसटीच्या वेळेवर ठेवतो, म्हशीवर ठेवतो. तो चुकला तर पंचाईत होते, चिडचिड होते, पण कुणी आपल्याशी दगा केला असं वाटत नाही. वाटलं तर ते हास्यास्पद असतं. अ‍ॅनेट बायर या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या तत्त्वज्ञ बाईंनी १९८६ साली 'ट्रस्ट अँड अँटिट्रस्ट' या निबंधात हाच फरक मांडला. कान्टचा रोजचा फिरायला जायचा नेम इतका पक्का होता, की शेजारी त्यावर घड्याळ लावायचे अशी ख्याती आहे. बायर म्हणतात, एखाद्या दिवशी कान्ट झोपून राहिला असता तर शेजाऱ्यांची निराशा झाली असती, पण त्यांचा विश्वासघात झाला असं म्हणता आलं नसतं. त्यांनी त्याच्या सवयीवर भिस्त ठेवली होती. त्याने त्यांना काही देऊ केलं नव्हतं.

म्हणजे गाडीच्या बाबतीत प्रश्न सरळ असायला हवा. गाडी यंत्र आहे, तिच्यावर भरवसाच ठेवता येतो, आणि भरवसा मोजता येतो. इंजिनिअर लोकांची त्यासाठी व्याख्याच आहे: ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काळ, ठरवून दिलेलं काम बिनबोभाट करत राहण्याची शक्यता. यातले दोन शब्द बघा. 'ठरावीक परिस्थितीत.' कुणाची परिस्थिती?

आधी जी मोजता येते ती. मिटिऑर ३५० चं वजन १९१ किलो, सीटची उंची ७६५ मिलिमीटर. अ‍ॅव्हेंजर क्रूझ २२० चं वजन १६३ किलो आणि सीट ७३७ मिलिमीटरवर. हायनेस १८१ किलोची, पण सीट ८०० वर. क्लासिक १९५ किलो, ८०५ मिलिमीटर. पाच फूट एक इंच उंचीच्या मुलीसाठी यातली सीटची उंची हा पहिला भरवसा. सिग्नलला थांबल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकतात की नुसते चवडे, यावर त्या मुलीची पुढची सहा महिन्यांची झोप अवलंबून असते. पण नुसती सीट बघूनही भागत नाही. सुपर मिटिऑर ६५० ची सीट ७४० वरच आहे, म्हणजे बसायला अगदी सोपी. वजन मात्र २४१ किलो. उतारावर नाक खाली करून लावलेली ती गाडी मागे ढकलून बाहेर काढायची म्हणजे काय, हे शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर कळत नाही.

तेव्हा भरवसा हा गाडीच्या अंगचा गुण आहे ही समजूत इथेच डळमळते. तीच १९५ किलोची क्लासिक पावणेसहा फुटी माणसाच्या मांडीखाली भरवशाची आणि माझ्या बहिणीच्या मांडीखाली नाही, कारण त्याला तिरकी झालेली गाडी पायाने सावरता येते आणि हिला येणार नाही. इंजिन तेच, कारखाना तोच.

इथे नेहमीचं वाक्य येतं: 'मग मुलीसाठी हलकी घ्या.' मला या वाक्याचा राग येतो आणि त्यात तथ्यही आहे. आयरिस मॅरियन यंग यांचा १९८० सालचा एक प्रसिद्ध निबंध आहे, 'थ्रोइंग लाइक अ गर्ल'. मुली चेंडू वेगळ्या का फेकतात, या साध्या निरीक्षणावरून त्या सुरुवात करतात. मुली फेकताना सगळं अंग कामाला लावत नाहीत, एकटा हात लावतात. 'मला जमेल' आणि 'मला जमणार नाही' ही दोन्ही वाक्यं एकाच शरीरात एकाच वेळी चालू असतात. आणि हे हाडामांसातून येत नाही, वाढवण्यातून येतं, असं त्यांचं म्हणणं. आडवी पडलेली गाडी उचलताना हे मी कितीदा पाहिलंय. मुलगी हँडल धरते, कंबरेतून वाकते, दंडाने ओढते, गाडी हलत नाही, आणि बघणारे म्हणतात, 'बघ, सांगितलं होतं.' खरी पद्धत वेगळी आहे. इंजिन बंद करायचं, गाडी गिअरमध्ये टाकायची. उजव्या बाजूवर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, म्हणजे उभी झाल्यावर पलीकडे कोसळत नाही. मग गाडीकडे पाठ करायची, कुल्ले सीटच्या कडेला टेकवून उकिडवं बसायचं, एका हाताने हँडलची मूठ आणि दुसऱ्याने मागचा दांडा किंवा फ्रेम धरायची, आणि पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत उठायचं. दंडाचं काम जवळजवळ नाहीच. मांड्यांचं आहे, आणि मांड्या आपल्याकडच्या बायकांच्या चांगल्या घोटलेल्या असतात.

म्हणून 'हलकी घे' आणि 'हे १९१ किलो आहेत, एकदा उचलून बघ' ही दोन वाक्यं मला नैतिकदृष्ट्या वेगळी वाटतात. दोन्हींत काळजी आहे. पहिल्यात सांगणाऱ्याने तिच्या वतीने निकाल देऊन टाकलाय. दुसऱ्यात माहिती आहे, आणि ती घेऊन 'नको' किंवा 'हवी' म्हणायचं काम तिच्याकडेच राहतं. सल्ला देणाऱ्याचं कर्तव्य माझ्या मते इतकंच असतं, की आपली कारणं समोरच्याला नाकारता येतील अशी उघडी ठेवावीत.

आता दुसरी परिस्थिती, जी व्याख्येत असते पण कंपनीच्या तक्त्यात नसते.

काही वर्षांपूर्वी मी चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून एकटी परत येत होते. गाडी कुठली ते जाऊ द्या, तिचा काही दोष नव्हता. कोयनानगर मागे पडलं, दिवेलागणीची वेळ, आणि मागच्या चाकात खिळा. तारांचं चाक, आत ट्यूब. असं पंक्चर म्हणजे चाक काढा, टायर उतरवा, ट्यूब बाहेर घ्या. मी कडेला उभी राहिले. दहा मिनिटांनी एक पिकअप थांबली, दोन माणसं उतरली. "काय झालं ताई?" आणि मी त्या क्षणी, अजिबात न अडखळता, म्हणाले, "मिस्टर मागून येतायत, पाचच मिनिटांवर आहेत." मला मिस्टर नव्हते. आजही नाहीत.

त्या दोघांनी माझं काडीचंही वाईट केलं नाही. उलट पाटणमधल्या ओळखीच्या पंक्चरवाल्याला फोन करून त्याला धाडला आणि निघून गेले. साठीचे काका स्कूटरवर पान्हे, टायर लिव्हर आणि पंप घेऊन आले, मोबाइलच्या उजेडात चाक काढलं, ट्यूबला ठिगळ लावलं, आणि हवा भरता भरता इतकंच म्हणाले, "मिस्टर अजून पोचले नाहीत वाटतं." आम्ही दोघंही हसलो नाही.

तसं परत घडलं तर मी परत तेच खोटं बोलेन. त्या दोन माणसांवर त्यात अन्याय आहे हे मला कळतं. त्यांनी भलेपणा दिला आणि मी त्यांना संशय दिला, तोही त्यांना न कळता. पण त्या रस्त्यावर माझ्याकडे त्यांना ओळखायचं कुठलंच साधन नव्हतं. पुरुषाची गाडी बंद पडते तेव्हा गाडीच बंद पडते. माझी बंद पडली तेव्हा टायर हा विषय दोन मिनिटांत संपला होता. डोक्यात चालू होतं ते माणसांचं गणित.

मग बहिणीला सल्ला देताना हे गणित धरायचं का? माझा खरा प्रश्न हा आहे, आणि मला तो सोपा वाटत नाही.

धरलं तर रस्ता असुरक्षित आहे ही गोष्ट मी तिच्या खरेदीच्या हिशोबात घालते. तिला आवडलेली जुनी, सेकंडहँड, स्वस्त गाडी मी बाद करते. कारण काय, तर ती महिन्यातून एकदा कुरकुरेल आणि 'मुलीला ते परवडणार नाही'. म्हणजे जी गोष्ट समाजाने द्यायला हवी, ती तिने स्वतःच्या पैशाने, हप्त्यांवर, यंत्राच्या रूपात विकत घ्यायची. हा कर आहे. त्याची पावती कुठे मिळत नाही इतकंच. आणि एकदा हा कर मान्य केला, की पुढच्या पायऱ्या आपोआप येतात. नवीच घे, महागडं जॅकेट घे, रात्रीची नको, एकटी नको, त्यापेक्षा नकोच. मामीचं वाक्य याच जिन्यावरचं आहे.

नाही धरलं तर? तर मी ताठ मानेने म्हणते, रस्ता सगळ्यांचा आहे, तुला आवडेल ती घे. तत्त्व माझं शाबूत राहतं आणि कोयनेच्या काठावर ती उभी राहते. माझ्या तत्त्वाची किंमत तिने मोजायची, ही मला पहिल्यापेक्षा मोठी लबाडी वाटते.

या ठिकाणी काही जुने बुलेटवाले मित्र मध्ये बोलतात. त्यांचं म्हणणं, गाडी बिघडायलाच हवी, बिघडल्याशिवाय गाडीशी नातं जुळत नाही. रस्त्याकडेला बसून पॉइंट घासल्याच्या, क्लच केबल बदलल्याच्या, अनोळखी ढाबेवाल्याने रात्री झोपायला खाट दिल्याच्या गोष्टी ते डोळ्यांत चमक आणून सांगतात. गोष्टी खऱ्या आहेत आणि छान आहेत. तेरेसा वॉलाक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोघी १९३४-३५ मध्ये साइडकार जोडलेल्या पँथर मोटरसायकलवर लंडनहून केपटाउनला गेल्या, सहारा ओलांडून. वाटेत गाडी बिघडत राहिली आणि त्या ती दुरुस्त करत राहिल्या. वॉलाक शिकलेली इंजिनिअर होती, पुढे अमेरिकेत तिने मोटरसायकल शिकवायची शाळा काढली. तेव्हा हात काळे करण्याला माझी ना नाही. पण बिघडण्याचा हा रोमान्स बहुतेक वेळा ज्यांना रस्त्यात अडकून पडणं परवडतं त्यांचाच असतो. ती चैन आहे. अनोळखी गावात रात्री खाट मिळणं ही ज्याच्यासाठी गमतीची गोष्ट आहे, त्याला गाडीकडून भरवसा कमी लागतो, कारण तो माणसांकडून आधीच मिळालेला असतो.

उलट टोकाला मला बेसी स्ट्रिंगफील्ड आठवते. १९३० च्या दशकात ही कृष्णवर्णीय बाई अमेरिकाभर एकटी मोटरसायकल फिरवत होती. नकाशावर नाणं उडवायची, ते पडेल तिकडे निघायची. काळी म्हणून लॉजवाले खोली नाकारायचे, तेव्हा ती पेट्रोल पंपावर गाडीवरच आडवी व्हायची, जॅकेट गुंडाळून हँडलवर उशीला. पहिली गाडी इंडियन स्काउट, नंतर आयुष्यभर हार्ली. माणसांनी दार लावलं की गाडी हेच घर. तिच्यासाठी 'भरवशाची गाडी' या शब्दांत काय काय मावत असेल याची कल्पना करून बघा. आणि तरी नाणं उडवायचं तिने सोडलं नाही, याचं मला जास्त अप्रूप आहे. रस्ता कसा आहे हे तिने हिशोबात धरलं होतं. जायचं की नाही, हे मात्र त्या हिशोबावर सोडलेलं नव्हतं.

शेवटी मी हे दोन वेगळे हिशोब करायचं ठरवलं. कुठली गाडी, यात रस्त्याचं गणित धरायचं, आणि ते तिला तसं सांगून धरायचं: हे कारण यंत्राचं आहे, हे कारण माणसांचं आहे. जायचं की नाही, किती वाजता, कुणाबरोबर, हा हिशोब तिचा. त्यात तिने विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

मग तिला फोन केला आणि अर्धा तास बोलले. मिटिऑर बघ, म्हटलं. यंत्राची कारणं: सीट खाली आहे, पुढे-मागे दोन्हीकडे एबीएस आहे, ३४९ सीसीचं इंजिन जोरात पळवायला केलेलं नाही म्हणून फार ताणलं जात नाही, आणि सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. माणसांची कारणं: अलॉय चाकांची आवृत्ती घे, म्हणजे टायर ट्यूबलेस. खिळा शिरला तर हवा हळूहळू जाते, गाव गाठता येतं, नाहीतर खिळा काढून, भोकात चिकट दोरी खुपसून, छोट्या पंपाने हवा भरून पंधरा मिनिटांत तूच निघू शकतेस. चाक काढावं लागत नाही, मिस्टर शोधावे लागत नाहीत. अ‍ॅव्हेंजर क्रूझ तुला वजनाला सोपी जाईल, पण तिला तारांची चाकं आणि ट्यूब. होंडाचं इंजिन गुळगुळीत, पण ती गाडी होंडाच्या प्रत्येक दुकानात मिळत नाही, त्यासाठी बिगविंग नावाची वेगळी दुकानं आहेत. तुझ्या वाटेवर सर्व्हिस कुठे ते आधी बघ. एनफिल्डचा पार्ट आणि एनफिल्ड खोलणारा मिस्त्री तालुक्याच्या गावातही सापडतो. आणि पैसे भरायच्या आधी कुणाची तरी गाडी गवतावर आडवी करून उचलून बघ.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, शोरूममध्ये जाऊन आलेय, टेस्ट राइड मागितली तर तिथल्या मुलाने विचारलं, 'सोबत कोण आलंय?' ही म्हणाली, 'लायसन्स आलंय.'

मला वाटलं होतं आता गाडीवर बोलणं होईल. पण तिचा प्रश्न वेगळाच होता. घरच्यांनी गाडीला हो म्हटलंय, अट एकच: घराबाहेर पडलं की फोनचं लाइव्ह लोकेशन चालू, मामा-मामी दोघांनाही. "म्हणतात, आमचा तुझ्यावर विश्वास आहे गं, बाहेरच्यांवर नाही." हे वाक्य मराठी घरातल्या प्रत्येक मुलीने ऐकलेलं असतं. मीही ऐकलंय. बायर यांच्या मते विश्वास टाकणं म्हणजे आपल्याला जपावं वाटणारी गोष्ट दुसऱ्याच्या हातात देणं, आणि ती तो कशी सांभाळतो यात त्याला मोकळीक देणं. दर मिनिटाला नकाशावरचा निळा ठिपका बघणं त्यात बसत नाही. पण ठिपका बघणारी मामी माझ्या कोयनेच्या संध्याकाळीइतकीच खरी आहे. मला तेव्हा तो ठिपका असता तर आवडलं असतं का? पंक्चर झाल्यावर, हो. त्याआधी घाट चढताना, अजिबात नाही.

मी तिला एवढंच विचारलं, की लोकेशन कुणाला पाठवायचं आणि केव्हा बंद करायचं हे कोण ठरवणार.

"मी," ती म्हणाली. "तेच आईला समजावतेय तीन दिवस. गाडीपेक्षा हेच जड आहे." मग पंक्चर किट कुठलं घ्यायचं ते विचारलं, आणि एसटी आली म्हणून फोन ठेवला.